पोटखराब्यातले गाणे

आमच्या घरच्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असा एक रकाना होता. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. वडील तलाठ्याकडून उतारा आणीत, ओटीवर बसून चष्मा लावीत आणि लागवडीयोग्य क्षेत्राचे आकडे मोठ्याने वाचून दाखवीत. पोटखराब्याचा आकडा मात्र ते मनातल्या मनात वाचून पुढे जात. जी जमीन पिकत नाही, जिच्यावर आकार बसत नाही, ती वाचायची कशाला? त्या पोटखराब्यात एक खडकाळ टेप होते. पावसाळ्यात त्यावर कमरेइतके गवत माजे. कडेने करवंदीच्या जाळ्या होत्या. आमच्या दोन्ही गाई त्या गवतावर जगल्या आणि आम्ही चार भावंडे त्या गाईंच्या दुधावर. तरीही त्या टेपाची किंमत सरकारी कागदावर शून्य होती, आणि आमच्याही मनात शून्यच होती.

लहानपणी यात विचित्र असे काही वाटले नाही. पुढे मी अर्थशास्त्रात एम.ए. केले, केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो, देशभर बदल्या झाल्या, तरी वाटले नाही. ते वाटले वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, बेंगळुरूत, एका वीतभरही नसलेल्या पक्ष्यामुळे. त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या गृहसंकुलात एक नागपूरकर कुटुंब राहते. त्यांची कन्या जीवशास्त्राचे उच्च शिक्षण घेत आहे. रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बागेत बसतो, ती गळ्यात दुर्बीण अडकवून परत येत असते. एकदा सहज विचारले, "आज काय दिसले?" ती म्हणाली, "काका, इथे नेहमीचेच. मला बघायची आहे शोलाकिळी, पण ती काही बेंगळुरूत यायची नाही." नाव नवे वाटले म्हणून मी चौकशी केली. तिने मोबाइलवर चित्र दाखवले, माहिती सांगितली आणि शेवटी म्हणाली, "ती 'संकटग्रस्त' आहे." मग क्षणभर थांबून तिने विचारले, "काका, तुम्ही सरकारात आहात म्हणून विचारते. एखादा पक्षी संकटग्रस्त ठरला की सरकार नेमके काय करते?"

तीस वर्षे मी वर्गवारी करण्याचेच काम केले आहे. पात्र-अपात्र, अनुज्ञेय-अननुज्ञेय, योजनांतर्गत-योजनेतर. एखादी गोष्ट एखाद्या वर्गात घातल्यावर पुढे काय होते, याचे उत्तर मला तोंडपाठ असायला हवे होते. ते नव्हते. "बघून सांगतो," असे खास सरकारी उत्तर देऊन मी वेळ मारून नेली आणि त्या संध्याकाळपासून खरोखरच बघू लागलो.

प्रथम पक्ष्याविषयी. शोला म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिण भागातील उंच डोंगरांवर, घळींमध्ये आणि ओढ्यांच्या काठांनी वाढणारे बुटके, गर्द, सदाहरित जंगल. किळी म्हणजे मलयाळममध्ये पक्षी. शोलाकिळी म्हणजे शोलातला पक्षी. महाराष्ट्रात तो आढळत नाही, म्हणून हे दाक्षिणात्य नावच मी वापरतो. पाठ आणि छाती गर्द निळसर, पोट पांढरे. निलगिरीकडच्या जातीच्या कुशीवर तांबूस झाक. जमिनीलगतच्या ओलसर अंधारात, पाचोळा उलथीत तो किडे शोधतो. दिसतो क्वचित, ऐकू येतो ते पहाटे आणि तिन्हीसांजेला.

या पक्ष्याचा कागदोपत्री इतिहास पाहिला आणि मला माझ्या नोकरीतील काही दुर्दैवी सहकाऱ्यांची आठवण झाली. मद्रासच्या लष्करात शल्यचिकित्सक असलेल्या टी. सी. जर्डन यांनी १८४० च्या दशकात निलगिरीतील शोलाकिळीचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे या पक्ष्याला स्वतःचे खाते मिळाले नाही. कोणी त्याला हिमालयातील आखूडपंखी पक्ष्यांच्या प्रजातीत घातले, कोणी तिथून काढून दुसरीकडे पाठवले. प्रत्येक बदलीत नाव बदलले, पण मूळ संवर्ग कोणता हे ठरेना. अखेर २०१७ साली हा प्रश्न सुटला, आणि त्यातील बरेचसे काम आमच्या बेंगळुरूतच झाले. बळ्ळारी रस्त्यावर, कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीच ती शाखा. तेथील उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांची जनुके तपासली आणि दाखवून दिले की हा पक्षी हिमालयातील त्या आखूडपंखी मंडळींचा सख्खा नातलग नाहीच. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या उंच डोंगरांवर लाखो वर्षे स्वतंत्रपणे घडत आलेली ही निराळी वंशशाखा आहे. तिला 'शोलिकोला' हे नाव मिळाले. त्याच अभ्यासात शोलांतील हसऱ्या कस्तुरांसाठीही 'मॉन्टेसिंक्ला' ही नवी प्रजाती स्थापन झाली.

येथे एक मराठी धागा सापडला आणि मला अकारण आनंद झाला. त्या कस्तुरांपैकी पळणी डोंगरांतील एकाच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँक' हे आडनाव आहे. हे सॅम्युअल फेअरबँक म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात काम केलेले अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. नगरच्या दुष्काळी मुलखात राहणारा हा गृहस्थ पळणीच्या धुक्यात पक्षी गोळा करीत असे. महाराष्ट्राबाहेर राहून दुसऱ्याच गोष्टीत जीव अडकवणारे आपण काही पहिले नव्हेत, एवढाच याचा अर्थ. असो.

आता दर्जाविषयी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची 'लाल यादी' १९६४ पासून आहे. पक्ष्यांचे मूल्यमापन त्या यादीसाठी बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था करते. सुरुवातीच्या काळात कोणता प्राणी किती धोक्यात, हे तज्ज्ञांच्या मतावर ठरे. १९९४ पासून त्याला आकड्यांचे निकष आले. हे निकष वाचताना मला एखादी पात्रता-नियमावली वाचल्याचा भास झाला, आणि खरे सांगायचे तर ती आमच्या पुष्कळ नियमावल्यांहून सुबक आहे. एकूण निकष पाच, आणि त्यांपैकी कोणताही एक पुरा झाला तरी पुरे. संख्या झपाट्याने घटली असेल तर एक निकष. प्रौढ पक्षी अडीच हजारांहून कमी असून घटत असतील तर दुसरा. क्षेत्राचाही एक निकष आहे. जातीचा एकूण विस्तार ५,००० चौरस किलोमीटरांहून कमी असेल तर 'संकटग्रस्त' आणि २०,००० हून कमी असेल तर 'असुरक्षित'. मात्र नुसता लहान विस्तार चालत नाही. वस्तीचे तुकडे झालेले असणे, ऱ्हास चालू असणे यांसारख्या उपअटींपैकी किमान दोन पुऱ्या व्हाव्या लागतात.

शोलाकिळी या क्षेत्राच्या निकषात सापडते. निलगिरी आणि तिच्या उत्तरेकडील, कर्नाटकातील काही उंच डोंगर, एवढाच निलगिरी शोलाकिळीचा मुलूख. ती 'संकटग्रस्त' आहे. पालघाट खिंडीच्या दक्षिणेस अनैमलै-पळणीच्या बाजूला तिची पांढऱ्या पोटाची बहीण राहते; ती एक पायरी खाली, 'असुरक्षित' आहे. या दोघींना दीर्घकाळ एकच जात मानले जात होते. २००५ साली पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांना वेगळे केले आणि नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी ते फारच जुने अंतर असल्याचे दाखवले. २०१७ मध्ये अगदी दक्षिणेकडील अशांबू डोंगरांतील पक्ष्यालाही वेगळ्या जातीचे नाव देण्यात आले.

एकाच्या तीन जाती झाल्या म्हणून जंगलात काय बदलले? एक पानही हलले नाही. पण हिशेब बदलला. प्रशासनातील वाचकांना हे ताबडतोब कळेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याचे कुपोषण त्या दिवशी सुरू झाले नव्हते. १९९२-९३ च्या वावर-वांगणीपासून ते महाराष्ट्राला ठाऊक होते. पण जिल्ह्याच्या सरासरीत ठाणे शहर आणि मोखाडा एकत्र मोजले जात, आणि ठाण्याची श्रीमंती मोखाड्याचे दारिद्र्य झाकून टाकी. विभाजनानंतर तो आकडा उघडा पडला. पालघर आणि पालघाट यांच्या नावांतले साम्य केवळ योगायोगाचे, पण दोन्हीकडे शिकवण एकच: सीमारेषा कुठे ओढली यावर दुःख दिसणार की लपणार हे ठरते.

याच्या उलटही घडते. आपल्या रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. तो गाणारा पक्षी नव्हे, घुबडांपैकी आहे, पण गोष्ट बोलकी आहे. १८८४ नंतर त्याचा पत्ता नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. शोधणाऱ्यांत याच पामेला रासमुसेन होत्या. तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. पुढे मेळघाटापासून तानसापर्यंत अनेक ठिकाणी त्याची नोंद झाली आणि २०१८ साली त्याला एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर्गात आणण्यात आले. याचा अर्थ पिंगळे वाढले असा नव्हे. आपली माहिती वाढली. दर्जा हा पक्ष्याच्या प्रकृतीचा दाखला असतो तसाच आपल्या ज्ञानाचाही दाखला असतो, हे लक्षात ठेवणे बरे.

इथवर आल्यावर मी नागपूरकर कन्येला उत्तर देऊ पाहिले. म्हटले, "लाल यादी हा कायदा नव्हे. ते जाणकारांचे मत आहे, फार वजनदार मत. कायदा म्हणजे आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. २०२२ च्या दुरुस्तीने त्यातल्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या. अनुसूचीतल्या पक्ष्याची शिकार केली, तो पकडला, विकला, तर शिक्षा होते." ती हसून म्हणाली, "पण काका, शोलाकिळीला मारतंय कोण?"

प्रश्न बिनतोड होता. कोणी मारत नाही. तिला पिंजऱ्यात ठेवण्याची हौस नाही, तिच्या मांसाला गिऱ्हाईक नाही. तिच्याविरुद्ध गुन्हाच घडत नाही. तिचे घर मात्र दीडदोनशे वर्षे आकुंचन पावत आले आहे. शोला तोडून चहा लागला, शेती झाली, गावे-शहरे वसली, धरणांखाली घळी गेल्या. २०१५ साली रॉबिन आणि रामकृष्णन यांच्याच गटाने शोलांतील दोन पक्ष्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अलीकडच्या जंगलतोडीने पडलेल्या तुकड्यांच्या खुणा त्यात पक्ष्यांच्या जनुकांमध्येही आढळल्या. डोंगरमाथे ही आधीच बेटे होती, आणि आपण त्या बेटांचीही बेटे केली. हे पक्षी लांबचे अंतर तोडून दुसऱ्या डोंगरावर जात नाहीत. खालच्या उष्ण पट्ट्यात उतरून राहणे त्यांना जमत नाही आणि हवा तापत गेली तर वर सरकायला माथ्याच्या वर डोंगरच नाही.

आता माझ्यावर येतो. हा भाग लिहावा की न लिहावा, यावर बरेच दिवस गेले.

शोला कधी एकटी नसते. घळीत शोला आणि तिच्याभोवतीच्या उतारांवर मैलोगणती गवत, असे त्या डोंगरांचे मूळ रूप आहे. थंडीत त्या उतारांवर कडाक्याचे दहिवर गोठते, रोपे जळून जातात, आणि गवत हजारो वर्षे गवतच राहते. तेथे पावसाचे पाणी मुरते आणि ओढे उन्हाळ्यातही वाहतात. इंग्रज अधिकाऱ्यांना त्या उघड्या उतारांत मोकळी जमीन दिसली. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून निलगिरी वृक्ष आणि वॅटल आणले गेले. स्वातंत्र्यानंतर कातडी कमावण्यासाठी लागणारे टॅनिन आणि रेयॉनसाठी लागणारा लगदा यांकरिता या झाडांच्या लागवडी आणखी पसरल्या.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस, नोकरीत नवा असताना, पडीक जमीन विकासाच्या एका योजनेचे मूल्यमापन करणाऱ्या पथकात मी होतो. दक्षिणेतील एका डोंगरी तालुक्यात आम्ही गेलो. राज्य आणि तालुका यांची नावे सांगत नाही, कारण दोष तेथल्या कोणाचा नव्हता. अहवालाचा मसुदा माझा होता. डोंगरमाथ्यावर मोठे गवताळ क्षेत्र लागवडीवाचून राहिले होते. स्थानिक वनरक्षकाने मला सांगितले होते, "साहेब, इथे झाडे नव्हतीच कधी." ते वाक्य मी माझ्या टिपणवहीत उतरवून घेतले आणि अहवालातून वगळले. अहवालात मी लिहिले की सदर क्षेत्र अनुत्पादक अवस्थेत पडून आहे. नव्या उत्साहाने मी त्याचा संधी खर्च काढला. लागवड न केल्यामुळे दरवर्षी किती रुपयांचे लाकूड बुडते, याचे कोष्टक जोडले. गवताच्या बाजूला मी शून्य मांडले होते. वरिष्ठांनी कोष्टकाची तारीफ केली. दोन वर्षांनी अनुपालन आले: क्षेत्र लागवडीखाली आणले, उद्दिष्ट पूर्ण. माझ्या शिफारशीसमोर 'कार्यवाही पूर्ण' असा शेरा पडला. नोकरीत आपल्या शिफारशीवर अशी तंतोतंत कार्यवाही झालेली पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. ते मला लाभले.

पाटणच्या टेपावर वाढलेल्या माणसाने ते शून्य मांडले होते.

त्यावेळी विचारले असते तर मी म्हणालो असतो की झाडे लावली, म्हणजे जंगल वाढले, म्हणजे जंगलातल्या पक्ष्याचे भलेच झाले. आजही हा समज सार्वत्रिक आहे आणि आपली आकडेवारी त्याला खतपाणी घालते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालात एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्क्यांहून अधिक आहे, ती सारी वनाच्छादनात धरली जाते. जमीन कोणाची आणि झाड कोणते, याने फरक पडत नाही. फळबागाही त्यात येतात. एका घळीतली शंभर हेक्टर शोला गेली आणि शेजारच्या उतारावर शंभर हेक्टर वॅटल उभे राहिले, तर या हिशेबात फरक शून्य. खरे तर एकाच व्यवहारात दोन तोटे झालेले असतात: शोला गेली आणि गवतही गेले.

पळणी डोंगरांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उपग्रहाच्या चित्रांवरून संशोधकांनी दाखवले की चार दशकांत तेथील डोंगरी गवताळ भूमी दोन तृतीयांशांनी आक्रसली. तिची जागा मुख्यतः लाकडाच्या लागवडींनी आणि शेतीने घेतली. त्या गवतातही एक गाणारा पक्षी राहतो, निलगिरी तिरचिमणी. शोलाकिळीचे घर घळीत आणि हिचे अंगणात, असे समजा. ही लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी तिला 'संकटग्रस्त' वर्गात घालावे अशी शिफारस केली, कारण उंचावरच्या गवताशिवाय तिला दुसरा आसराच नाही. शोलाकिळीच्या घराला निदान 'वन' हा शब्द तरी लाभला आहे. तिरचिमणीच्या घराला आपल्याकडे शब्द आहे 'पडीक'.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर येथेच कुठेतरी आहे, असे मला वाटू लागले. पक्ष्याला आपण दर्जा देतो आणि तो योग्यच आहे. पण पक्ष्याचे भवितव्य ठरते त्याच्या पायाखालच्या जमिनीला आपण कोणता दर्जा दिला यावर, आणि ती नोंद वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या नोंदवहीत, पक्ष्याचे नावही न ऐकलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हातून होते. लाल यादीत 'संकटग्रस्त' लिहिलेले असताना जमिनीच्या कागदावर 'अनुत्पादक' लिहिलेले असू शकते, आणि या दोन कागदांची गाठ कधी पडत नाही.

ही गाठ घालण्याचा मोठा प्रयत्न झाला तो माधव गाडगीळ यांच्या हातून. पुण्याच्या या शास्त्रज्ञाने १९८३ साली याच बेंगळुरूत, भारतीय विज्ञान संस्थेत, परिसर विज्ञानाचे केंद्र उभे केले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला. तो एकेका प्राण्याचा विचार न करता भूभागाचा विचार करणारा होता. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. आणि मग संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा सहावा होता. त्यात ५६,८०० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र होते. मसुद्यावर हरकती, हरकतींवर समिती, समितीवर मुदतवाढ, हा प्रवास मी आतून जाणतो आणि त्याला मी सर्वस्वी वाईटही म्हणणार नाही. ज्यांच्या जमिनीवर रेघ ओढायची त्यांना विचारलेच पाहिजे. पाटणला आमच्या भावकीत या विषयावर निघालेले आवाज मी ऐकले आहेत. पोटखराब्याचे मोल आमच्या माणसांना कोणी कधी रुपयांत दिले नाही आणि आता अचानक तो जपण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर येते, ही त्यांची तक्रार अन्याय्य नाही.

गेल्या एप्रिलात मी, माझी पत्नी आणि नागपूरकरांचे कुटुंब असे सारे बाबाबुडनगिरीला गेलो. बेंगळुरूहून चिक्कमगळुरूपर्यंत पाच-सहा तासांचा प्रवास. कॉफीच्या मळ्यांतून रस्ता चढतो आणि एका वळणावर झाडे एकाएकी संपून गवताचे उघडे डोंगर सुरू होतात. १,९३० मीटर उंचीचे मुळ्ळय्यनगिरी हे कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर याच रांगेत. पत्नी म्हणाली, "हे तर अगदी आपल्या पाटणसारखं." मी काही बोललो नाही.

पहाटे साडेपाचला आम्ही एका घळीच्या तोंडाशी उभे होतो. धुके होते. आत सहा-सात मीटर उंचीची वाकडी झाडे, खोडांवर शेवाळ, पायाखाली ओला पाचोळा. कन्येने ओठांवर बोट ठेवले. बराच वेळ काही नाही. मग अगदी जवळून, जमिनीपासून हातभर उंचीवरून, शीळ सुरू झाली. महाबळेश्वरला पावसाळ्यात कस्तुराची शीळ ऐकलेल्या वाचकांना कल्पना येईल; पण कस्तुराची शीळ ऐसपैस असते. सह्याद्रीभर आणि सह्याद्रीबाहेरही पसरलेल्या, काळजी नसलेल्या वर्गातल्या पक्ष्याची ती शीळ. ही बारीक, गुंतागुंतीची, मध्येच खरखरणारी आणि पुन्हा स्वच्छ होणारी. तिने नंतर सांगितले की या पक्ष्यांची गाणी डोंगरागणिक वेगळी असतात, आणि बेंगळुरूच्याच संशोधकांनी ती ध्वनिमुद्रित करून तपासली आहेत. पक्षी दिसला तो तीन सेकंद. निळ्या काळोखातून एक निळा तुकडा निघाला, कुजलेल्या ओंडक्यावर शेपूट हलवून उभा राहिला आणि आत गेला.

परत येताना आम्ही गवतात बसून डबा खाल्ला. ती म्हणाली, "काका, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच."

मी तिला माझ्या जुन्या अहवालाची गोष्ट सांगितली. कोष्टकासह. तिने ती मुकाट्याने ऐकली, आणि मला अपेक्षा होती तसे काही समजूतदार बोललीही नाही. फक्त विचारले, "तो वनरक्षक काय म्हणाला होता ते तुम्ही लिहून घेतलं होतं ना? मग वगळलं का?"

"कारण त्यासाठी रकाना नव्हता," मी म्हणालो. उत्तर खरे होते आणि ऐकायला फार वाईट होते.

पावसाळ्यानंतर माझ्याकडे अभिप्रायासाठी एक प्रकरण आले. कुठल्याशा प्रकल्पासाठी वनजमीन जाणार, तिच्या बदल्यात दुसरीकडे भरपाईची लागवड व्हायची. लागवडीसाठी सुचवलेल्या जमिनींची यादी सोबत होती. तीन ठिकाणी वर्णन होते: 'डोंगरमाथा, वृक्षविरहित, पडीक'. माझा विषय फक्त खर्चाचे दर तपासण्याचा. दर मी तपासले, ते बरोबर होते. खाली एक परिच्छेद वाढवला: या तीन जमिनींवर पूर्वी कधी झाडे होती काय? नसल्यास त्या नैसर्गिक गवताळ भूमी आहेत किंवा कसे, याची प्रत्यक्ष पाहणी करून, स्थानिक वनरक्षकांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत जोडून, खुलासा करावा.

एका सहकाऱ्याने मसुदा वाचून विचारले, "याचा आपल्या विषयाशी काय संबंध?" मी त्यांना पाटणची गोष्ट सांगितली नाही. इतकेच म्हणालो की शून्य लिहिण्यापूर्वी ते शून्य आहे याची खात्री करणे हा हिशेबाचाच भाग आहे. त्यांनी मान हलवली आणि टिपणी पुढे गेली.

खुलासा अद्याप आलेला नाही. गेल्या सोमवारी पहिले स्मरणपत्र पाठवले.